मामांच्या गाडीतला पेनड्राइव्ह: एका निवडीची पूर्ण हकिगत

2024च्या मे महिन्यात मामांचा फोन आला. "अगं, गाडीतला टेप नुसता 'रीडिंग, रीडिंग' दाखवतोय. सगळा घाट चढून कराडला पोचलो, एक गाणं लागलं नाही."

मामा चिपळूणचे, वय एकोणसत्तर, शाळेतून निवृत्त. मुलगी कराडला दिलेली, म्हणून महिन्यातून एकदोनदा कुंभार्ली घाटातून ये-जा असते. गाडी 2016ची, लहान. तिच्यातल्या म्युझिक सिस्टीमला ते अजून टेपच म्हणतात. घाटाच्या पायथ्याचं पोफळी गाव मागे पडलं की मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. फोनवर इंटरनेटवरून गाणी लावून हा घाट ऐकत ऐकत चढता येत नाही. त्यांना पेनड्राइव्ह लागतोच.

मी पुण्यात एका कार्यालयातले संगणक सांभाळते. "मामा, नवा घ्या एखादा, तीन-चारशे रुपयांत मिळतो," मी म्हटलं. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग ते म्हणाले, "नवा घेईन गं. पण आईच्या ओव्या ह्याच्यातच आहेत. दुसरीकडे कुठे नाहीत."

नवा पेनड्राइव्ह कोणता घ्यायचा, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

एकच प्रत, आणि तीही गाडीत

आजी जात्यावर दळताना ओव्या म्हणायची. मामांनी त्या कधीतरी कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. शिवाय गावच्या भजनी मंडळाच्या, घरच्या सत्यनारायणाच्या, आजोबांच्या आरत्यांच्या कॅसेटी होत्या. 2019 साली त्यांनी टेपरेकॉर्डरसमोर मोबाइल ठेवून त्या सगळ्या एकेक करून पुन्हा रेकॉर्ड केल्या, आणि विकत घेतलेल्या नाट्यगीतं, अभंग, भावगीतांसोबत एका 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर घातल्या. एक प्रत घरच्या संगणकात होती, एक गाडीत.

22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. मामांचं घर बाजारपेठेजवळ, तळमजल्यावर. कॅसेटी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या, त्या चिखलात गेल्या. संगणक गेला. मामा-मामी त्या दिवशी गाडी घेऊन कराडला लेकीकडे होते, म्हणून पेनड्राइव्ह वाचला.

त्या दिवसापासून मामांच्या मनाने घेतलं की घरापेक्षा गाडीच सुरक्षित. तो पेनड्राइव्ह त्यांनी तीन वर्षं गाडीतच ठेवला. गाणी वाढवायची असली तर शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपला लावायचे, काम झालं की लगेच परत गाडीत. त्यांचं म्हणणं मला समजतं. ज्याचं घर पाण्याखाली गेलेलं आहे, त्याला मी काय सांगणार? पण एकुलती एक प्रत ठेवायला गाडीइतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही, आणि हे मी त्यांना त्याच फोनवर सांगितलं. मेमरी कार्ड असो, पेनड्राइव्ह असो, त्यातली माहिती अतिशय बारीक कप्प्यांत विजेचा भार साठवून ठेवलेली असते. उष्णता वाढली की तो भार लवकर गळतो. साध्या पेनड्राइव्हच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं तापमान 0 ते 45 अंश, काहींच्या 0 ते 60 अंश असं छापलेलं असतं. मे महिन्याच्या दुपारी काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 60च्या वर सहज जातो.

बिघाड नेमका काय होता

त्या शनिवारी मी चिपळूणला गेले. पेनड्राइव्ह हातात घेतल्या घेतल्या अर्धं कारण दिसलं. तो चांगला अडीच इंच लांब होता. मामांच्या गाडीत यूएसबीची खाच गिअरच्या पुढे, गुडघ्याच्या उंचीला. तीन वर्षं येता-जाता गुडघ्याचा धक्का बसून त्याचं तोंड एका अंगाला कललं होतं. लॅपटॉपला लावला तर जरा हलला की दिसेनासा व्हायचा. त्यात शेजारचा मुलगा गाणी घालून झाली की 'इजेक्ट' न करता सरळ उपटून द्यायचा.

लॅपटॉपने विचारलं, हा फॉरमॅट करायचा का, म्हणजे पुसून नव्याने मांडायचा का? अशा वेळी 'हो' म्हणू नये. हा प्रश्न आला म्हणजे गाणी गेलीच असं नसतं. पुष्कळदा कोणती फाइल कुठे आहे ह्याची यादी खराब झालेली असते, आणि फाइली जागच्या जागी पडून असतात. मी पेनड्राइव्ह पुस्तकांच्या टेकूने स्थिर केला, 'डीडीरेस्क्यू' नावाचा प्रोग्रॅम वापरून त्याची जशीच्या तशी नक्कल लॅपटॉपवर उतरवली, आणि पुढचं सगळं काम त्या नकलेवर केलं. मूळ पेनड्राइव्हला पुन्हा हात लावला नाही. नकलेवर हरवलेल्या फाइली शोधणारा 'फोटोरेक' चालवला. नाव फोटोंचं असलं तरी तो गाण्याच्या फाइलीही ओळखतो. यादी न बघता तो प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातो, त्यामुळे फाइली मिळतात, पण नावं मिळत नाहीत. रात्री साडेअकराला 1,131 फाइली समोर होत्या, आणि प्रत्येकीचं नाव म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकड्यांची रांग.

विकतच्या गाण्यांच्या आत गायकाचं, गाण्याचं नाव टॅग म्हणून भरलेलं असतं. 'एमपीथ्रीटॅग'ने ती नावं बाहेर काढून फाइलींना परत दिली. घरच्या रेकॉर्डिंगला टॅग कुठले असणार? अशा 91 फाइली उरल्या, आणि त्या मामांनी कानाने ओळखल्या. रविवारी सकाळी ते वही घेऊन शेजारी बसले. मी फाइल लावायची, ते चारपाच सेकंद ऐकायचे आणि लिहायचे. "हे शिवरात्रीचं भजन." "ही आरती नव्या घरातली, घंटा पितळेची आहे बघ." एका फाइलीत सुरुवातीला कुणीतरी नुसतं खोकलं. मामांची पेन्सिल थांबली. "बाबा," एवढंच म्हणाले. मामींनी आतून येऊन चहा ठेवला आणि त्याही तिथेच बसल्या.

ओव्यांच्या पाच फाइली होत्या. चार मिळाल्या. पाचवी पुष्कळ खटपट करूनही हाती लागली नाही.

आणि त्याच बैठकीत मामा म्हणाले, "ह्या ओव्या गाडीत कधी लागल्याच नाहीत. मला वाटायचं, फाइल खराब असेल." फाइली ठणठणीत होत्या. मोबाइलने त्या एम4ए प्रकारात साठवल्या होत्या, आणि गाडीची पुस्तिका काढून बघितली तर त्या टेपला फक्त एमपी3 आणि डब्ल्यूएमए वाचता येत होतं. तीन वर्षं आजीच्या ओव्या मामांच्या गुडघ्यापाशी होत्या आणि टेप त्या गाळून पुढे जात होता. ही पुस्तिका आठ वर्षं गाडीच्या खणात पडलेली. नवं काहीही घेण्याआधी तिची ती दोन पानं वाचावीत, असं मी आता ज्याला त्याला सांगते. कोणती फाइल चालते, यूएसबीचं फॉरमॅट कोणतं लागतं, एका फोल्डरमध्ये किती फाइली दिसतात, फोल्डरच्या आत फोल्डर किती पातळ्यांपर्यंत, हे सगळं त्यात दिलेलं असतं. मामांच्या गाडीला एका फोल्डरमध्ये 255 फाइली दिसत होत्या. त्यांच्या जुन्या पेनड्राइव्हवर भावगीतांच्या एकाच फोल्डरात सहाशेच्या वर गाणी होती. म्हणजे निम्म्याहून जास्त भावगीतंही त्यांनी गाडीत कधी ऐकलेली नव्हती.

काय घ्यायचं

मामांच्या जावयाने प्रेमाने 128 जीबीचा नवा पेनड्राइव्ह आधीच आणून ठेवला होता. तो गाडीला लावला. टेपने दहाबारा सेकंद विचार केला आणि चालत नसल्याचं दाखवलं. पेनड्राइव्ह चांगलाच होता, अडचण फॉरमॅटची, म्हणजे आत फाइली मांडायच्या पद्धतीची होती. 32 जीबीच्या वरचे पेनड्राइव्ह आणि कार्डं बहुतेक एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात. जुन्या गाड्यांना फॅट32 कळतं, एक्सफॅट कळत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर फॅट32 हा पर्याय दिसतच नाही, म्हणून लोकांना वाटतं की मोठा पेनड्राइव्ह फॅट32 होऊ शकत नाही. होतो. 'रुफस'सारख्या मोफत प्रोग्रॅमने करता येतो. तसा करून बघितला, गाडीने तो वाचलाही. पण मला प्रश्न पडला की एवढा मोठा हवा कशाला?

हिशेब साधा आहे. 192 केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला 192 किलोबिट घेणारं एमपी3 मिनिटाला साधारण 1.4 एमबी जागा घेतं. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे सात एमबीच्या आसपास. तुटक्या फाइली काढून मामांची 1,073 गाणी उरली, ती सगळी 8 जीबीच्या आत बसली. 320 केबीपीएस धरलं तरी पाच मिनिटांना 12 एमबी, म्हणजे 32 जीबीत अडीच हजार गाणी मावतात. त्यातून ही मूळची कॅसेटवरची रेकॉर्डिंगं. कॅसेटची सळसळ 320वर नेऊन तिचं काही सोनं होत नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी चढत असताना तर नाहीच नाही.

वेगाचंही तसंच. दुकानदार यूएसबी 3 घ्या म्हणून आग्रह करतात. गाणं वाजवायला सेकंदाला जेमतेम 0.3 मेगाबिट लागतात आणि यूएसबी 2 ची मर्यादा 480 मेगाबिट आहे. वेगाचा फायदा फक्त घरी गाणी भरताना.

शेजारच्या मुलाने पोर्टेबल हार्ड डिस्क सुचवली होती. ती मी लगेच बाजूला ठेवली. तिच्यात तबकडी फिरते, घाटातले खड्डे तिला सोसत नाहीत, आणि साध्या यूएसबी 2 खाचेतून 500 मिलिअँपिअर मिळतात, त्यावर ती नीट उठेलच असं नाही. एसएसडीला फिरणारं काही नसतं, पण 8 जीबी गाण्यांसाठी एवढा पैसा घालायचा, आणि ती वायरीला लोंबकळत ठेवायची, हे मला पटलं नाही. जुना मोबाइल गाडीत कायमचा ठेवून ब्लूटूथवर गाणी लावायची कल्पनाही आली होती. पण बंद गाडीच्या उन्हात मोबाइलची बॅटरी ठेवू नये. फुगते.

मायक्रोएसडी कार्डाचा मात्र मी मनापासून विचार केला. पुष्कळ कंपन्यांच्या कार्डांवर उणे 25 ते 85 अंश अशी चालू असतानाची मर्यादा दिलेली असते. साध्या पेनड्राइव्हपेक्षा ती खूप बरी. माझी नणंद अकोल्याला असते. तिची गाडी उन्हाळाभर कार्यालयाबाहेर उघड्यावर उभी असते, तिला मी डॅशकॅमसाठी, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्यासाठी मिळतं तसलं जास्त टिकाऊ कार्ड आणि ते यूएसबीच्या खाचेत लावायचा बुटका रीडर असंच घेऊन दिलं आहे. मामांच्या बाबतीत दोन गोष्टी आड आल्या. रीडर म्हणजे आणखी एक सांधा, आणि ह्या प्रकरणात सांध्यानेच घात केला होता. आणि नखाएवढं कार्ड मामांच्या बोटांतून सीटखाली पडलं तर ते कोण शोधणार?

शेवटी 32 जीबीचा, लावल्यावर खाचेबाहेर जेमतेम नखाएवढा दिसणारा बुटका पेनड्राइव्ह घेतला. गुडघा लागायचा प्रश्न मिटला. हे बुटके पेनड्राइव्ह चालताना जरा जास्त तापतात, हे खरं आहे. पण आता तो गेला तरी नुसता पेनड्राइव्ह जाईल, ह्या अटीवरच मी तो निवडला. त्याआधी सगळ्या फाइलींच्या तीन प्रती केल्या. जावयाचा 128 जीबीचा कराडला लेकीच्या कपाटात, एक प्रत चिपळूणला माडीवर, एक पुण्यात माझ्या आईकडे. तिन्ही गावांत एकाच दिवशी पूर यायचा नाही, असं मामाच म्हणाले.

एक सांगायचं राहिलं. शेजारच्या मुलाने मोबाइलवर सहाशे रुपयांचा '2 टीबी' पेनड्राइव्हही दाखवला होता. असल्या पेनड्राइव्हमध्ये आत मोजकी जागा असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगितलेला असतो. भरत जाल तशा पुढच्या फाइली मागच्यांवर चढतात नाहीतर हवेत जातात, आणि महिन्याभराने लक्षात येतं. म्हणून नवा पेनड्राइव्ह आणला की 'एच2टेस्टडब्ल्यू' नावाच्या प्रोग्रॅमने तो पूर्ण भरून परत वाचून घ्यावा. आमच्या 32 जीबीला तास-सव्वा तास लागला. त्यावर विंडोजमध्ये 29.8 दिसत होते, त्यावरून मामा दुकानदाराला जाब विचारायला निघाले होते. कंपनी जीबी दशमानात मोजते आणि विंडोज 1024च्या पटीत. गणिताच्या मास्तरांना ते दोन मिनिटांत पटलं.

भरताना

पहिल्या वेळी मी गाणी माझ्या मुलीच्या मॅकवरून भरली आणि चुकले. मॅक अशा पेनड्राइव्हवर प्रत्येक फाइलीच्या जोडीला एक छुपी बारकी फाइल ठेवतो. गाडीला ती गाण्यासारखीच दिसते. एक गाणं, एक एरर, एक गाणं, एक एरर, असं सुरू झालं. पुसून विंडोजवरून पुन्हा भरली.

मामांच्या टेपमध्ये गाणी नावाच्या क्रमाने न लागता ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने लागतात. पुष्कळ साध्या टेपांचं असंच असतं. म्हणून पेनड्राइव्ह कोरा करून एकेक फोल्डर क्रमाने घातला, आणि वर 'फॅटसॉर्टर'नेही क्रम लावून घेतला. बारा फोल्डर, कुठल्याही एकात सव्वाशेच्या वर फाइली नाहीत. घरच्या रेकॉर्डिंगांचा आवाज फार हळू आणि विकतच्या गाण्यांचा फार मोठा, हा फरक 'एमपीथ्रीगेन'ने काढला. नाहीतर ओव्यांसाठी आवाज वाढवला की पुढचं नाट्यगीत कानठळ्या बसवणार, तेही वळणावर. एम4ए फाइलींचं एमपी3 केलं ते फक्त गाडीसाठी. घरच्या तिन्ही प्रतींत मूळ फाइली आहेत तशाच आहेत.

नावांवरून मात्र मामा हटून बसले. नावं मराठीतच हवीत. लिहून दिली, तर पडद्यावर चौकोनांची रांग. त्या टेपमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मला वाईट वाटलं, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या माणसाने आईच्या ओव्या इंग्रजी अक्षरांत का वाचाव्यात? मग फोल्डरांना नुसते आकडे दिले, 01 ते 12, आणि मामांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात पुठ्ठ्यावर यादी लिहिली. एक, काकड आरती. दोन, अभंग. असं करत बारा, घरचे. पुठ्ठा खणात असतो, पण तो लागत नाही. स्टिअरिंगवरचं फोल्डरचं बटण किती वेळा दाबायचं ते बोटांना आठवड्याभरात पाठ झालं, आणि पडद्याकडे बघायची गरज उरली नाही. घाटात हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

जून लागल्यावर मी त्यांच्यासोबत कराडला निघाले. पोफळी गेली, पाऊस भुरभुरत होता. मामांनी मोजून बारावा फोल्डर लावला. दोन भजनं झाली. पुढच्या वळणानंतर गाडीत घर्रर्र असा एकसारखा आवाज यायला लागला. मामांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "बेअरिंग गेलं वाटतं चाकाचं," म्हणत त्यांनी गाडी हळू केली, कडेला जागा बघून उभी केली आणि चावी एक खटका मागे घेऊन इंजिन बंद केलं.

घरघर चालूच होती. मग तिच्यावरून आजीचा आवाज आला.